प्रभारित गोलाची स्वऊर्जा: सूत्र पाठ न करता ती कशी काढायची

बारावी विज्ञान, प्रवेश परीक्षा किंवा बीएस्सीचं पहिलं वर्ष, हा प्रश्न कुठे ना कुठे भेटतोच: गोलाची त्रिज्या दिली आहे, एकूण प्रभार दिला आहे, स्थिरविद्युत स्वऊर्जा काढा. बरेच विद्यार्थी ‘तीन पंचमांश’ एवढंच घोकून येतात आणि प्रश्नात धातूचा गोल असला तरी तेच लावून मोकळे होतात. उत्तर चुकतं आणि का चुकलं तेही कळत नाही. माझं म्हणणं असं की हे गणित आकड्याचं नाहीच, ते प्रभार कुठे बसला आहे याचं आहे. तेवढं पक्कं झालं की सूत्र दोन मिनिटांत स्वतः उभं करता येतं.

यासाठी कूलॉमचा नियम, विभवाची व्याख्या, गाउसचा नियम आणि क्ष च्या घाताचं इंटिग्रेशन एवढं यायला हवं. याहून जास्त गणित लागत नाही.

स्वऊर्जा म्हणजे नक्की काय

सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात. ते एका गोलात कोंबायचे तर कुणाला तरी काम करावं लागतं. सगळा प्रभार सुरुवातीला अनंत अंतरावर विखुरलेला होता असं धरायचं. तो तिथून कणाकणाने आणून गोल रचायला जेवढं काम लागतं, तीच गोलाची स्वऊर्जा. गोल फुटून सगळा प्रभार पुन्हा अनंतावर पसरला, तर नेमकी तेवढीच ऊर्जा परत मिळते.

शेजारी दुसरा प्रभारित गोल असेल तर त्या दोघांमधली परस्पर ऊर्जा वेगळी मोजायची. स्वऊर्जेत फक्त त्या एका गोलाचे स्वतःच्याच भागांशी असलेले व्यवहार येतात. परीक्षेत ‘संपूर्ण प्रणालीची ऊर्जा’ विचारली असेल तर पहिल्याची स्वऊर्जा, दुसऱ्याची स्वऊर्जा आणि परस्पर ऊर्जा अशी तिन्हींची बेरीज करायची.

पायरी १: प्रभार कुठे आहे ते ठरवा

कागदावर काहीही लिहिण्याआधी हे ठरवा. धातूचा गोल असेल, भरीव असो की पोकळ, तर स्थिर अवस्थेत सगळा प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. आत क्षेत्र शून्य. दुर्वाहक गोलात प्रभार सर्वत्र सारखा पसरला आहे असं प्रश्नात म्हटलेलं असेल, तर तो घनफळात भरलेला आहे. ‘घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते’ असं काही दिलं असेल तर तो तिसराच प्रकार. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात.

‘भरीव’ हा शब्द दिसला की लगेच घनफळाचं सूत्र लावायचं, ही सर्वांत जास्त दिसणारी गफलत आहे. तांब्याचा भरीव गोल आणि तांब्याचा पोकळ गोल यांची स्वऊर्जा सारखीच, कारण दोन्हीकडे प्रभार पृष्ठभागावरच आहे. आत तांबं आहे की हवा, याने काही फरक पडत नाही.

पायरी २: चिन्हं

खालच्या सगळ्या सूत्रांत प म्हणजे एकूण प्रभार, त म्हणजे गोलाची त्रिज्या, क म्हणजे कूलॉमचा स्थिरांक (एसआय एककांत सुमारे ९ अब्ज), क्ष म्हणजे केंद्रापासूनचं बदलतं अंतर, ज म्हणजे अतिशय पातळ थराची जाडी आणि ऊ म्हणजे ऊर्जा.

कोणत्याही प्रभारित गोलाची स्वऊर्जा ‘काहीतरी संख्या × क × प² / त’ अशीच येणार, हे मापनएककांवरूनच ठरतं. प्रभार दुप्पट केला की ऊर्जा चौपट, त्रिज्या निम्मी केली की ऊर्जा दुप्पट. शोधायची आहे ती फक्त पुढची संख्या. उत्तरात प चा वर्ग नसेल किंवा छेदात त चाही वर्ग आला असेल, तर पुढे न जाता मागे वळून पाहा.

पायरी ३: आधी सोपा गोल, प्रभार फक्त पृष्ठभागावर

धातूच्या गोलावर आत्तापर्यंत थोडा प्रभार जमला आहे. तो जेवढा असेल, त्याला क ने गुणून त ने भागलं की पृष्ठभागावरचं विभव मिळतं. सुरुवातीला प्रभार शून्य, म्हणून विभव शून्य. पहिला कण जवळजवळ फुकट येतो. शेवटचा कण आणताना विभव क × प / त झालेलं असतं. विभव प्रभाराच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतं, म्हणून सरासरी विभव शेवटच्या विभवाच्या निम्मं.

काम = सरासरी विभव × एकूण प्रभार, म्हणजे

ऊ = (१/२) × क × प² / त

‘अर्धा’ येतो तो इथून. शेवटच्या विभवाला थेट प्रभाराने गुणलं तर जणू प्रत्येक कण पूर्ण भरलेल्या गोलाकडेच आणला असं होतं आणि उत्तर दुप्पट येतं.

पायरी ४: भरीव गोल थराथराने रचा

आता प्रभार घनफळात सारखा भरलेला आहे. रचायची पद्धत अशी: केंद्रापासून सुरुवात करून एकावर एक पातळ थर चढवत जायचं, कांद्याचे पापुद्रे आतून बाहेर चढवावेत तसं. मधल्या कोणत्याही टप्प्यावर आपल्यापुढे क्ष त्रिज्येचा, अंतिम घनतेनेच भरलेला एक लहान गोल असतो.

या लहान गोलात किती प्रभार आहे? घनता सारखी असल्यामुळे प्रभार घनफळाच्या प्रमाणात:

लहान गोलाचा प्रभार = प × क्ष³ / त³

त्याच्या पृष्ठभागावरचं विभव म्हणजे हा प्रभार गुणिले क, भागिले क्ष:

विभव = क × प × क्ष² / त³

आता त्यावर ज जाडीचा पुढचा थर चढवायचा. त्या थरात जाणारा प्रभार:

थराचा प्रभार = ३ × प × क्ष² × ज / त³

(क्ष³ चं डेरिव्हेटिव्ह ३क्ष², एवढंच इथे वापरलं आहे.) थर चढवायला लागणारं काम म्हणजे या दोघांचा गुणाकार:

थराचं काम = ३ × क × प² × क्ष⁴ × ज / त⁶

क्ष ० पासून त पर्यंत नेत सगळ्या थरांची बेरीज करा. क्ष⁴ चं इंटिग्रेशन त⁵/५ येतं, आणि उरतं:

ऊ = (३/५) × क × प² / त

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा. विभव काढताना छेदात क्ष घेतला, त नाही. काम चालू असताना गोल अजून लहान आहे, त्याचा पृष्ठभाग क्ष वरच आहे. अनेकजण या ठिकाणी पूर्ण गोलाची त्रिज्या त टाकतात. तसं केलं तर उत्तर १/२ येतं. ते पृष्ठभागावरच्या प्रभाराचं बरोबर उत्तर असल्यामुळे चूक झाली आहे अशी शंकाही येत नाही.

दुसरी शंका प्रामाणिक असते: ‘थर अनंतावरून आणला, पण त्या थराची स्वतःची स्वऊर्जा कुठे गेली?’ थराचा प्रभार ज च्या प्रमाणात आहे, म्हणून त्याची स्वऊर्जा ज² च्या प्रमाणात. थर पातळ करत गेलो की थरांची संख्या ज च्या व्यस्त प्रमाणात वाढते, पण प्रत्येकाची स्वऊर्जा त्याहून वेगाने घटते. अशा सगळ्या स्वऊर्जांची बेरीज शून्याकडे जाते, म्हणून ती सोडता येते. प्रभार सलग पसरलेला असेल तोवरच हे खरं आहे. खऱ्या, तुटक कणांचं काय होतं ते अणुकेंद्राच्या वेळी पुढे दिसेल.

पायरी ५: उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळा

ही पायरी कुणी करत नाही, आणि मला तर या विषयातली हीच सर्वांत सुंदर वाटते. ऊर्जा प्रभारावर न मोजता क्षेत्रात मोजायची. जिथे विद्युत क्षेत्र आहे त्या अवकाशाच्या प्रत्येक घनमीटरमध्ये क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा असते. केंद्रापासून क्ष अंतरावरच्या, ज जाडीच्या गोलाकार थरापुरता हिशेब केला की पाय (π) वगैरे सगळं कटून जातं आणि उरतं ते असं:

थरातली ऊर्जा = क्षेत्र² × क्ष² × ज / (२ × क)

आधी गोलाच्या बाहेर. तिथलं क्षेत्र क × प / क्ष². वर ठेवलं की थरातली ऊर्जा क × प² × ज / (२ × क्ष²) होते. त पासून अनंतापर्यंत बेरीज केली की

बाहेरची ऊर्जा = (१/२) × क × प² / त

मग गोलाच्या आत. तिथलं क्षेत्र क × प × क्ष / त³, केंद्रात शून्य आणि बाहेर येताना सरळ रेषेत वाढणारं. थरातली ऊर्जा क × प² × क्ष⁴ × ज / (२ × त⁶). ० पासून त पर्यंत बेरीज:

आतली ऊर्जा = (१/१०) × क × प² / त

एक द्वितीयांश अधिक एक दशांश म्हणजे तीन पंचमांश. उत्तर जुळलं.

आता या दोन तुकड्यांकडे बघा. बाहेरचा अर्धा हिस्सा धातूच्या गोलाच्या पूर्ण उत्तराइतका आहे. साहजिकच आहे: बाहेरून पाहिलं तर गोलीय सममिती असलेल्या कोणत्याही प्रभाराचं क्षेत्र सारखंच. म्हणजे प्रभार आत कसाही पसरवा, बाहेरचा १/२ ठरलेला. प्रभार आत शिरला की आतही क्षेत्र तयार होतं, आणि ऊर्जा वाढते ती तेवढ्यापुरती. भरीव गोलाच्या एकूण सहा भागांपैकी पाच भाग ऊर्जा गोलाच्या बाहेरच्या रिकाम्या जागेत आहे आणि आत फक्त एक. फक्त गोलाच्या आतच इंटिग्रेशन करून थांबणारे विद्यार्थी म्हणूनच १/१० वर अडकतात.

धातूतला प्रभार पृष्ठभागावर का पळतो याचं उत्तरही इथेच मिळतं. त्याला हलायची मोकळीक असते, आणि पृष्ठभागावर जाऊन बसला की आतला एक दशांश पूर्ण वाचतो.

तिसरी वाट फक्त झटपट तपासणीसाठी. स्वऊर्जा म्हणजे प्रत्येक कणाचा प्रभार गुणिले त्या जागचं अंतिम विभव, या सगळ्याची बेरीज करून निम्मी. भरीव गोलाच्या पृष्ठभागावर विभव क × प / त, केंद्रात त्याच्या दीडपट. मग सरासरी १ आणि १.५ यांच्या मध्ये कुठेतरी असणार आणि तिचं निम्मं ०.५ ते ०.७५ मध्ये. आपला ०.६ तिथे नीट बसतो. प्रत्यक्ष सरासरी ६/५ येते. परीक्षेत वेळ नसेल तर एवढी तपासणी पुरे.

पायरी ६: घनता बदलती असेल तर

समजा क्ष त्रिज्येच्या आतला प्रभार क्ष च्या न-व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. सारख्या घनतेसाठी न = ३. घनता क्ष च्या प्रमाणात वाढत असेल तर न = ४. घनता क्ष च्या व्यस्त प्रमाणात असेल तर न = २. पायरी ४ मधली रचना शब्दशः तशीच करा, फक्त ३ च्या जागी न लिहा. पुढची संख्या येते:

न / (२न − १)

न = ३ ला ३/५. न = ४ ला ४/७, म्हणजे सुमारे ०.५७. न = २ ला २/३. न खूप मोठा केला, म्हणजे प्रभार जवळजवळ सगळा कडेला ढकलला, की संख्या १/२ कडे जाते. ती धातूच्या गोलाची. आणि न = १ ला संख्या १ होते, प्रभार केंद्राजवळ दाटला म्हणून ऊर्जा जास्त. ही एक शिडी आहे आणि ३/५ ही तिची फक्त एक पायरी. शिडी कळली की पाठांतराची गरजच उरत नाही.

आकडे घालून बघू: व्हॅन डी ग्राफचा गोल

कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हॅन डी ग्राफ जनित्र असतं, फिरत्या पट्ट्याने प्रभार वर नेऊन साठवणारं यंत्र, वर चकचकीत धातूचा गोल. त्याची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरू. कोरडी हवा सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर क्षेत्रापर्यंत तग धरते, त्यापुढे ठिणगी पडते.

धातूच्या गोलासाठी पृष्ठभागावरचं विभव = क्षेत्र × त्रिज्या. म्हणजे जास्तीत जास्त ३० लाख × ०.१५ = ४.५ लाख व्होल्ट. प्रभार = विभव × त्रिज्या / क = ४,५०,००० × ०.१५ / ९ अब्ज, म्हणजे ७.५ मायक्रोकूलॉम. धातू आहे, म्हणून सूत्र अर्ध्याचं:

ऊ = (१/२) × प्रभार × विभव = सुमारे १.७ जूल

एक किलोचं वजन जेमतेम १७ सेंटिमीटर उचलायला एवढी ऊर्जा लागते. साडेचार लाख व्होल्ट ऐकून जी धास्ती वाटते तिच्या मानाने हे फारच कमी आहे, आणि अशा गोलाचा झटका बसला तरी माणूस हसत उभा राहतो तो यामुळेच. अर्थात मोठे गोल किंवा त्यांना जोडलेले कपॅसिटर यांची गोष्ट वेगळी. तिथे ऊर्जा झपाट्याने वाढते, तेव्हा खेळ करू नये.

हा आकडा वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष गोलाला सांधा असतो, पट्टा आत जायला भोक असतं, धूळ बसलेली असते, त्यामुळे ठिणगी आधीच पडते. आणि जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात हे यंत्र चालवून बघा. पट्ट्यावर आणि आधाराच्या नळीवर दमटपणाचा पातळ थर बसतो, प्रभार तिथून गळत राहतो, गोलावर साठतच नाही. केस उभे राहण्याचा प्रयोग दाखवायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीची कोरडी दुपार निवडावी.

थेंबांचं गणित, आणि तिथून अणुकेंद्र

पाऱ्याचे ८ सारखे थेंब, प्रत्येकावर सारखा प्रभार, सगळे मिळून एक मोठा थेंब झाला. ऊर्जा किती पट झाली? प्रवेश परीक्षांच्या तयारीत हा प्रश्न भेटतोच. घनफळ ८ पट म्हणून त्रिज्या २ पट. प्रभार ८ पट म्हणून वर्ग ६४ पट. एका लहान थेंबाच्या तुलनेत मोठ्याची ऊर्जा ६४/२ = ३२ पट. आठही लहान थेंबांची मिळून ८ पट होती. म्हणजे एकूण ऊर्जा ४ पट झाली. दोनच थेंब एकत्र केले तर तीच आकडेमोड १.५९ पट देते. उलट्या बाजूने: एका थेंबाचे दोन समान थेंब केले आणि ते लांब नेले, तर ऊर्जा मूळच्या ०.६३ पट उरते. पुढची संख्या १/२ आहे की ३/५ यावर हे गुणोत्तर अवलंबून नाही, कारण ती दोन्हीकडे सारखीच असते.

आता थेंबाच्या जागी युरेनियम-२३५ चं अणुकेंद्र ठेवा (यापुढे ‘केंद्र’ म्हणजे अणुकेंद्र). १९३५ साली कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर यांनी केंद्राच्या वस्तुमानाचं जे सूत्र मांडलं, त्यातलं एक पद म्हणजे हीच स्वऊर्जा. केंद्रात प्रोटॉन घनफळात साधारण सारखे पसरलेले असतात, म्हणून इथे ३/५ लावायचे.

अणुकेंद्रात जूल वापरू नका, शून्यांत हरवून जाल. इथे अंतर फेम्टोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या १०० कोटी भागांतल्या एका भागाचे पुन्हा १० लाख भाग करून. ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, थोडक्यात एमईव्ही. या एककांत क गुणिले एका प्रोटॉनच्या प्रभाराचा वर्ग याची किंमत १.४४ येते. ही एकच संख्या लक्षात ठेवली की पुरते.

केंद्राची त्रिज्या = १.२ × (अणुवस्तुमानांकाचं घनमूळ). २३५ चं घनमूळ ६.१७, म्हणून त्रिज्या ७.४ फेम्टोमीटर. प्रोटॉन ९२. मग

ऊ = ०.६ × १.४४ × ९२² / ७.४ = सुमारे ९८८ एमईव्ही

मघाशी बाजूला ठेवलेली शंका इथे परत येते. प्रोटॉन तुटक आहेत, आणि प्रोटॉन स्वतःलाच ढकलतो असा हिशेब केंद्राच्या बांधणीत धरायचा नाही. म्हणून ९२ × ९२ ऐवजी ९२ × ९१ घेतात. उत्तर ९७७ च्या आसपास येतं. जड केंद्रात फरक एक टक्का, हलक्या केंद्रात मात्र तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन, तिथे हे पद शून्यच यायला हवं, आणि १ × ० ते बरोबर देतं.

या केंद्राचे दोन समान तुकडे झाले असं धरू. स्वऊर्जा ०.६३ पट होते, म्हणजे ९८८ वरून ६२२ वर. सुमारे ३६५ एमईव्ही मोकळे झाले. पण दोन तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग वाढतो, आणि केंद्राला पृष्ठभागाचा खर्च असतो, द्रवाच्या थेंबाला असतो तसा. वाइत्सेकर सूत्रातलं पृष्ठभागाचं पद धरलं तर हा वाढीव खर्च सुमारे १७५ एमईव्ही होतो. वजा केलं की उरतात १९० एमईव्ही. युरेनियमच्या एका विखंडनातून प्रत्यक्षात सुमारे २०० एमईव्ही मिळतात. खरे तुकडे समान नसतात, गणित ढोबळ आहे, तरीही एका पानावर केलेला हिशेब इतका जवळ जातो.

१९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम सापडलं, आणि त्याचा अर्थ कुणाला लागेना. नाताळाच्या सुट्टीत स्वीडनमधल्या कुंगेल्व्ह इथे लीझे माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी तो लावला: केंद्र दुभंगलं होतं. केंद्राला थेंब मानून त्यांनी तुकड्यांमधल्या प्रतिकर्षणाच्या ऊर्जेचा अंदाज घेतला, तो २०० एमईव्हीच्या आसपास आला. वस्तुमानातल्या घटीवरून स्वतंत्रपणे काढलेला आकडाही तेवढाच भरला. जर्मनीतून जीव वाचवून बाहेर पडावं लागलेल्या एका शास्त्रज्ञ बाईने हे गणित परक्या देशात केलं, हे हा धडा शिकवताना आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

सूत्र कुठे थांबतं

छेदात त आहे. म्हणून बिंदुप्रभाराची स्वऊर्जा अनंत. इलेक्ट्रॉन हा लहानसा प्रभारित गोल मानून त्याची सगळी स्थिर ऊर्जा (वस्तुमानामुळे असलेली ऊर्जा), म्हणजे ०.५११ एमईव्ही, स्वऊर्जेतूनच येते असं धरलं आणि पुढची संख्या १ घेतली, तर त्रिज्या २.८२ फेम्टोमीटर येते. हिलाच इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या म्हणतात. पण प्रोटॉनची प्रभार-त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे, आणि प्रयोगांत इलेक्ट्रॉन त्याहून कितीतरी लहान अंतरापर्यंत बिंदूसारखाच वागतो. म्हणजे इलेक्ट्रॉनला हे चित्र लागू होत नाही. तिथे पुंज विद्युतगतिकी (क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स) लागते आणि स्वऊर्जेचा प्रश्न तिथे वेगळ्याच रूपात सोडवावा लागतो. नवशिक्यांनी एवढंच पाळावं: बिंदुप्रभारांच्या गणितात फक्त परस्पर ऊर्जा मोजायची, स्वऊर्जा मध्ये आणायची नाही.

आता स्वतः करा

प्रभार फक्त जाड कवचात आहे, त/२ पासून त पर्यंत, घनता सारखी. मधली पोकळी रिकामी. आधी अंदाज करा: प्रभार पृष्ठभागावर एकवटलेला नाही, पण केंद्राकडेही नाही, म्हणून संख्या ०.५ आणि ०.६ यांच्या मध्ये यायला हवी. मग क्षेत्राच्या वाटेने चला, ती इथे सोपी पडते. बाहेरचा १/२ न मोजता लिहून टाका. पोकळीत क्षेत्र शून्य, तिथे काही नाही. कवचात क्ष पर्यंतचा प्रभार प × (क्ष³ − त³/८) / (त³ × ७/८), त्यावरून क्षेत्र काढा, वर्ग करा, त/२ पासून त पर्यंत इंटिग्रेशन करा. आतला हिस्सा ३७/४९० यायला हवा आणि एकूण संख्या १४१/२४५, म्हणजे सुमारे ०.५७६. ०.५ पेक्षा कमी आली तर इंटिग्रेशनची खालची मर्यादा ठेवताना वजाचं चिन्ह निसटलं आहे. ०.६ पेक्षा जास्त आली तर पोकळीच्या वाट्याचे त³/८ वजा करायचे राहून गेले आहेत का ते बघा.